उजनीच्या पाण्यावर सर्फस्कीची पारख

मागच्या अंकात मी उजनीवर सर्फस्की चालवतो एवढं एका ओळीत लिहिलं होतं. त्यावर जिल्ह्यातून इतकी पत्रं आली की हा अंक त्यांनाच देतोय.

‘ही वस्तू नक्की काय’ असं ज्यांनी विचारलंय, त्यांना आधी सांगतो. सर्फस्की म्हणजे वर बसून चालवायची लांब, अरुंद आणि हलकी होडी. कयाकसारखं आत पाय घालून बसायचं नसतं. वरच्या अंगाला कोरल्यासारखी बैठक असते, पुढे पाय टेकायची पाटी, आणि तिथल्याच पेडलनं मागचं सुकाणू फिरतं. वल्ह्याला दोन्ही टोकांना पाती. आतली पोकळी बंद असल्यामुळे उलटली तरी तरंगते, सरळ करून पुन्हा वर चढता येतं. ऑस्ट्रेलियात पोर्ट मॅक्वॉरीजवळ १९१२ च्या सुमारास मॅकलॅरेन बंधू आपल्या कालवांच्या शेतीवर असल्या होडीनं फिरायचे. १९३३ मध्ये सिडनीजवळच्या मॅनलीतल्या डॉ. क्रॅकनथॉर्प यांनी तिचं पेटंट घेतलं, आणि पुढे समुद्रकिनाऱ्यावरच्या जीवरक्षकांनी ती उचलली.

माझी ओळख म्हणाल तर मी फायबरचा माणूस. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टाक्या, दरवाजे, पत्रे करण्यात आयुष्य गेलं. पहिली सर्फस्की माझ्याकडे फुटलेली आली होती, दुरुस्तीला. ती नीट करून पाण्यावर घालून बघितली, आणि तेव्हापासून रविवार उजनीचा.

प्रश्न: वय ४२, वजन ८४ किलो, पोहता उत्तम येतं. दोन वर्षं प्लास्टिकचा कयाक चालवतोय. एक विक्रेता तीन नव्या सर्फस्की दोन दिवस वापरून बघायला द्यायला तयार आहे. त्याचं म्हणणं, सगळ्यात लांब ती सगळ्यात वेगवान, एकदाच काय ते पैसे घाला. तीन होड्यांची तुलना कशी करू? (जुळे सोलापूर)

विक्रेत्याचं म्हणणं अर्धंच खरं आहे. पाण्यातून जाणारी होडी स्वतःच्या लांबीएवढी लाट उठवते, आणि त्या लाटेच्या वेगापुढे जायला ताकद एकदम जास्त लागते. साडेपाच मीटरच्या होडीला हा उंबरा ताशी साडेदहा किलोमीटरच्या आसपास लागतो, ६.४ मीटरच्या होडीला अकराच्या थोडं पुढे. सर्फस्की इतक्या अरुंद असतात की ताकदीचा माणूस हा उंबरा ओलांडूनही जातो. पण तुम्ही-आम्ही तासभर टिकून नऊ-साडेनऊनं चालवणारी माणसं. आपण त्या उंबऱ्यापर्यंत पोचतच नाही. आपल्या वेगाला होडीच्या ओल्या अंगावर घासणारं पाणी महत्त्वाचं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे तोल. तोल सांभाळण्यात गुंतलेला माणूस वल्हं पूर्ण ताकदीनं ओढूच शकत नाही.

हे मी अंगानं शिकलो. गेल्या फेब्रुवारीत माझ्याकडे तीन नव्या होड्या होत्या. पांढरी साडेपाच मीटर लांब, ५६ सेंटीमीटर रुंद. निळी ६.१ मीटर आणि ४८. लाल ६.४ मीटर आणि फक्त ४३. कंपन्यांची नावं मुद्दाम लिहीत नाही, कारण एकाच नावाच्या होडीची मापं नव्या आवृत्तीत बदलतात. तुम्ही मापं बघा. सकाळी साडेसहाला पाणी आरशासारखं होतं. काठावरचं एक बाभळीचं झाड आणि पंपाची एक खोली, यांच्यामध्ये घड्याळाच्या जीपीएसनं एक किलोमीटर मोजून घेतला होता. नाडी १४० ठेवून जाता-येता सरासरी काढली. पांढरीला ६ मिनिटं ३२ सेकंद, निळीला ६:१४, लालला ६:२१. म्हणजे सगळ्यात लांब होडी शांत पाण्यावरसुद्धा माझ्या हाताखाली दुसरी आली.

मग अकराला वारा सुटला. उजनीवर वाऱ्याला मैलोन्‌मैल मोकळं पाणी मिळतं. लाटा गुडघ्याएवढ्याच, पण आखूड आणि एकामागे एक. पांढरी ६:५० वर आली. निळी ७:०५. लालमध्ये मी दोनदा पाण्यात पडलो आणि तिसऱ्या वेळी मोजणं सोडून दिलं. सकाळी शेवटची असलेली होडी दुपारी पहिली झाली. तुम्ही होडी विकत घेणार ती सकाळ आणि दुपार दोन्हीसाठी, म्हणून चाचणी दोन्ही वेळांना घ्या. विक्रेते बहुधा पहाटेच बोलावतात.

आता रीत. वल्हं एकच ठेवा, तुमचं स्वतःचं. तीन होड्यांबरोबर तीन वल्ही बदलली तर तुम्ही काय मोजलंत ते तुम्हालाच कळणार नाही. जाकीट तेच, पाण्याची बाटली तीच. दर किलोमीटर जाऊन-येऊन मोजा, म्हणजे वाऱ्याचं देणं-घेणं बरंचसं फिटतं. आणि क्रम उलटवा: पांढरी, निळी, लाल, मग लाल, निळी, पांढरी. एकाच क्रमानं चाललात तर शेवटच्या होडीच्या वाट्याला तुमचा थकवा येतो आणि दोष तिच्या माथी बसतो. वेग डोळ्यांवर सोडू नका. अरुंद होडी डुगडुगते, पाणी जवळून पळताना दिसतं, आणि माणसाला वाटतं आपण फार जोरात आहोत. घड्याळ बघितलं की कळतं.

घड्याळ लावण्याआधी मात्र पायाची पाटी बसवून घ्या. हे बहुतेक जण विसरतात. पाटी एक खाच लांब राहिली तर पाय ताणले जातात, कंबर मागे कलते आणि चांगली होडीसुद्धा वाईट वाटते. गुडघे इतके वाकलेले हवेत की वल्हं मारताना एका बाजूचा पाय पाटीवर रेटता येईल आणि कंबर फिरेल. बैठकीत दोन्ही बाजूंना एकेक बोट जाईल एवढी जागा ठीक. चार बोटं जात असतील तर फोम चिकटवून भागतं, पण बैठक कमरेला चावत असेल तर तिला उपाय नाही. पाच मिनिटांत हे कळत नाही. पाऊण तास बसा. पायाला मुंग्या आल्या तर ती होडी तुमची नाही, मग ती कितीही वेगवान असो.

तोल तपासायला माझी एक साधी चाचणी आहे. काठापासून पन्नास मीटर आत जा आणि थांबा. वल्हं मांडीवर आडवं ठेवा, दोन्ही हात सोडा, बाटलीचं झाकण उघडा, चार घोट पाणी प्या, झाकण लावा, उजव्या खांद्यावरून मागे बघा, मग डाव्या. पांढरीत हे सहज होतं. निळीत घोट घेताना घोट्यातल्या शिरा कापतात, होडी डावीकडे कलते, पण एका ठिकाणी येऊन धरते, पुढे जात नाही. हे धरणं फार महत्त्वाचं. काही होड्या सुरुवातीला घट्ट वाटतात आणि एका क्षणी काही न सांगता पालथ्या होतात. काही आधीपासून हलत्या असतात, पण कलल्यावर आधार देतात. लाटेत दुसरी जात बरी. लालमध्ये मला बाटलीचं झाकण उघडणंही जमलं नाही.

शेवटची आणि माझ्या मते सगळ्यात मोठी चाचणी: खोल पाण्यात दहा वेळा मुद्दाम पडा आणि दहा वेळा चढा. जाकीट घालून. बैठकीच्या पलीकडची कड धरायची, पाय मागे झाडत पोट होडीवर आणायचं, अंग वळवून बूड बैठकीत टाकायचं, दोन्ही पाय दोन बाजूंना पाण्यात सोडायचे, तोल आला की एकेक पाय आत. पहिल्या चार वेळा सगळ्यांना जमतं. आठव्या, नवव्या, दहाव्या वेळेला जमलं तर होडी घ्या.

घरी आणण्याआधी आणखी दोन गोष्टी, या माझ्या धंद्यातल्या. एक, वजन करा. कॅटलॉगातला आकडा सुकाणू आणि पेडल धरून आहे की सोडून, ते विचारा, आणि आडतीत असतो तसा लटकता काटा नेऊन स्वतः बघा. दोन, रुपयाच्या नाण्यानं होडी वाजवत जा, विशेषतः बैठकीभोवती आणि दोन भाग जोडलेत त्या शिवणीवर. नीट चिकटलेलं फायबर कडक, बारीक आवाज देतं. जिथे थर सुटलाय तिथे नाणं बोदं वाजतं. नव्या होडीतही असं सापडतं, मला सापडलंय.

तुमचं वजन आणि सवय बघता ५४ ते ५६ सेंटीमीटर रुंदीची होडी घ्या असं मी म्हणेन, ४८ ची पुढच्या दोन वर्षांनी. आणि एवढी लांब होडी तुमच्या गल्लीत वळते का, जिन्यात अडते का, हेही आज दोरी धरून मोजा.

प्रश्न: आमच्या भागात मासेमारीची जाळी फार. शिवाय काही खाड्यांत जलपर्णी. सुकाणू सारखं अडकतं. सुकाणू नसलेली होडी घ्यावी का? (टेंभुर्णी)

नको. एवढी लांब होडी वाऱ्यात सुकाणूशिवाय सरळ ठेवताना खांदे जातील. सुकाणू दोन जातींचं मिळतं. एक होडीच्या पोटाखाली, शेपटीच्या थोडं अलीकडे. लाटेवर शेपूट उचललं तरी हे पाण्यात राहतं, म्हणून समुद्रात हेच चालतं. दुसरं शेपटीच्या बाहेर टांगलेलं, अडथळा आला की वर उचललं जाणारं. उजनीवर मी दोन्ही वापरलीत. पाणी भरपूर असतं तेव्हा पोटाखालचं, पण पुढची कड मागे तिरकी असलेलं, म्हणजे शेवाळ आणि दोरे घसरून निघून जातात. एप्रिल-मे मध्ये पाणी उतरलं की बाहेरचं. तेव्हा पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं, तसेच बुडालेल्या गावांचे दगड, बांध, झाडांचे बुंधे वीतभर पाण्याखाली येतात. पोटाखालचं पातं बुंध्याला धडकलं तर नुसतं पातं वाकत नाही, त्याची दांडी होडीचं पोट फोडून वर येते. माझ्याकडे दुरुस्तीला आलेली ती पहिली होडी अशीच फुटली होती.

नव्या होडीची परीक्षा घेताना विचारा की दोन्ही सुकाणू लावायची सोय आहे का. काही होड्यांना असते.

शेवाळ अडकलं की होडी जड होते आणि पेडल दाबल्यावर उशिरा वळते. चार-पाच वल्ही उलटी मारा, बहुधा सुटतं. जाळं अडकलं तर कापू नका. ज्याचं आहे त्याचं पोट त्यावर आहे. पाय बाजूला सोडून थांबा, हातानं सोडवा. त्याहून चांगलं म्हणजे थर्माकोलचे किंवा बाटल्यांचे तरंगते तुकडे ओळीनं दिसले की पूर्ण वळसा घाला. आणि तिथल्या मच्छीमारांशी बोलून ठेवा. कुठल्या बाजूला जाळी टाकलीत हे ते आनंदानं सांगतात, वाऱ्याचंही सांगतात, आणि त्यांचा वाऱ्याचा अंदाज माझ्या मोबाइलपेक्षा बरा असतो.

प्रश्न: मुलगी सोळा वर्षांची, वजन ४६ किलो. पोहण्यात जिल्ह्यापर्यंत गेली आहे. आता सर्फस्कीचं वेड लागलंय. तिचे बाबा आणायला तयार आहेत, मला मात्र रात्री झोप येत नाही. तिच्यासाठी कोणती होडी, आणि पाठवू का? (पंढरपूर)

ताई, तुमची भीती खोटी नाही. २०२४ च्या मे महिन्यात कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट उजनीत वादळी वाऱ्यानं उलटली आणि सहा जण गेले, हे आपण सगळ्यांनी वाचलंय. त्या दिवसापासून मी दुपारनंतर आभाळ भरलेलं दिसलं की पाण्यात उतरत नाही, कोण कितीही लांबून आलेलं असो. तरीही मुलीला पाठवा असंच मी म्हणेन, काही गोष्टी ठरवून घेऊन.

आधी होडी. ४६ किलोच्या मुलीला ८० किलोच्या माणसासाठी केलेली होडी दिली तर ती पाण्यावर उंच तरंगते, वारा तिला कागदासारखा ढकलतो आणि रुंद बैठकीत मुलगी इकडून तिकडे सरकते. कमी उंचीच्या काठाची, कमी वजनाच्या माणसासाठीची होडी बघा. ती स्वतः उचलून पाण्यापर्यंत नेऊ शकली पाहिजे. वल्हं लहान पात्याचं घ्या, मोठ्या पात्यानं या वयात खांदे दुखावतात. चाचणी वर लिहिली तीच, पण तुम्ही काठावर उभ्या राहून बघा. दहा वेळा चढताना तिला बघितलंत की तुमची निम्मी काळजी तिथेच उतरेल. पुढे स्पर्धेचा विचार असेल तर एक लक्षात असू द्या: ऑलिंपिकमध्ये सर्फस्की नाही, तिथे के-वन नावाचा कयाक असतो. पण तोल आणि वल्ह्याची पद्धत तिकडे तशीच उपयोगी पडते.

आता दोरी. होडी आणि पाय यांना बांधणारी लवचीक दोरी, तिला लीश म्हणतात. धरणाच्या मोकळ्या पाण्यात ती बांधल्याशिवाय एक वल्हंही मारायचं नाही. मी एकदा बांधली नव्हती. भिगवणच्या बाजूला ऐन वाऱ्यात पडलो, वर आलो तेव्हा होडी दहा हात लांब होती. पोहत निघालो, ती वीस हात झाली. तेरा-चौदा किलोची रिकामी होडी वाऱ्याबरोबर माणसाच्या पोहण्यापेक्षा वेगानं जाते. जाकीट अंगात होतं म्हणून मी पाऊण तास तरंगलो. एका मच्छीमारानं दुरून हाक मारली, “ओ, होडी तिकडं गेली की, तुम्ही कुठं चाललाय?” आणि मला ओढून वर घेतलं. त्याच्या होडीच्या तळाशी माशांमध्ये बसून मी थरथरत होतो. ती थरथर अजून आठवते.

पण हीच दोरी वाहत्या नदीत घात करते. चंद्रभागेला पाणी सोडलेलं असताना पायाची दोरी झुडपाला किंवा खांबाला अडकली तर प्रवाह माणसाला पाण्याखाली धरून ठेवतो. म्हणून नदीला पाणी सोडल्याची सूचना असेल त्या दिवशी सराव बंद. आणि बंधाऱ्याच्या जवळ कधीच नाही, वरच्या अंगालाही नाही आणि खालच्या अंगालाही नाही. बंधाऱ्यावरून पडणारं पाणी खाली गोल फिरत राहतं, वरून निरुपद्रवी दिसतं, पण त्यात सापडलेला पट्टीचा पोहणाराही पुन्हा पुन्हा भिंतीकडे ओढला जातो. मुलीला हे प्रत्यक्ष नेऊन, काठावर उभं करून दाखवा.

एकटी कधीच नाही. किती वाजता परत येणार हे काठावरच्या एका माणसाला सांगून जायचं. मोबाइल पाणी न शिरणाऱ्या पिशवीत, होडीला नाही, अंगाला बांधून.

प्रश्न: कार्बनची घ्यावी की साध्या फायबरची? किमतीत बराच फरक आहे. (मोहोळ)

साधी, म्हणजे काचेच्या धाग्यांच्या फायबरची. कार्बनची होडी हलकी आणि ताठ, हातात घेतली की मोह पडतो, पण दगडावर आपटली तर काचेपेक्षा लवकर तडकते. उतरत्या पाण्याच्या उजनीत दगड भेटणारच. काचेची दोन-तीन किलो जास्त भरेल, तेवढं सोसा आणि वाचलेल्या पैशात चांगलं वल्हं आणि चांगलं जाकीट घ्या. दुरुस्ती गावातही होते, फक्त एक विचारा: होडीतलं रेझिन, म्हणजे धागे एकत्र चिकटवून कडक होणारं रसायन, एपॉक्सी आहे की पॉलिएस्टर. पॉलिएस्टरवर एपॉक्सी धरतं, एपॉक्सीवर पॉलिएस्टर नीट धरत नाही. टाक्या करणारे आम्ही लोक सवयीनं पॉलिएस्टरच लावतो, आणि महिन्यानं ठिगळ उचलून येतं.

प्रश्न: होडी अंगणात पत्र्याखाली ठेवतो. उन्हाळ्यात काही होईल का? (बार्शी)

होईल. आपल्याकडचं एप्रिल-मे मधलं ऊन आणि वर तापलेला पत्रा म्हणजे खाली भट्टीच. गडद रंगाची होडी हात लावता येणार नाही इतकी तापते, आणि खोलीच्या तापमानाला पक्कं झालेलं रेझिन तेवढ्या उष्णतेला मऊ पडू लागतं. त्यात टेकू कडक असले किंवा पट्टे घट्ट ओढलेले असले तर तिथे कायमचा खळगा बसतो. पत्र्याखाली जुन्या चादरी किंवा गोणपाट ताणून दुसरं छत करा, मध्ये हातभर हवा खेळू द्या. होडी दोन रुंद, मऊ पट्ट्यांवर टांगा, बैठकीपासून पुढे-मागे सारख्या अंतरावर. पट्टा नुसता धरेल एवढाच.

आणि शेपटीजवळचं हवेचं झाकण उघडं ठेवा. आत कोंडलेली हवा तापून फुगते आणि शिवण उघडायला बघते. टेम्पोतून नेतानाही ते उघडंच असू द्या. पाण्यात उतरण्याआधी मात्र स्वतःच्या हातानं घट्ट लावा, दुसऱ्या कोणी लावलंय म्हणाला तरी एकदा फिरवून बघा.